फेमस फाइव्ह: जुनी प्रत घ्यावी की सुधारलेली?

परीक्षा संपल्या की भुसावळ-जळगावकडच्या ओळखीच्या घरांतून मला एक प्रश्न हमखास येतो. पोरीला किंवा पोराला फेमस फाइव्ह ही इंग्रजी साहसकथांची मालिका घ्यायची आहे, पण बाजारात दोन तऱ्हेच्या प्रती दिसतात, कुठली घेऊ? आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. बारा ते पाच पोरं घराबाहेर पडूच शकत नाहीत, त्यामुळे कूलरसमोर पडून वाचायला पुस्तक लागतंच. म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

माझ्या कपाटात दोन्ही आहेत. जुन्या प्रती भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या आहेत. बदली झाली की तिथली कुटुंबं सामान आवरायची, आणि इंग्रजी पुस्तकांचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे जायचे. तिथून किलोच्या भावाने उचललेली ती पुस्तकं. सुधारलेल्या प्रती अलीकडे भाचीसाठी मागवल्या. ती जळगावात इंग्रजी माध्यमात शिकते आणि सुट्टीत माझ्याकडे असते.

एनिड ब्लायटन ही इंग्रज बाललेखिका, आणि तिचे पाच जण म्हणजे ज्युलियन, डिक, अ‍ॅन, मुलासारखी राहणारी जॉर्ज आणि तिचा कुत्रा टिमी. मालिका १९४२ ते १९६३ या काळातली, एकवीस पुस्तकांची. २०१० मध्ये प्रकाशकांनी ठरवलं की आजच्या मुलांना ही भाषा जड जाते, आणि मजकुरावर हात फिरवला. संबोधनं, कपड्यांची नावं, उद्गार, जुन्या वळणाची विशेषणं बदलली. मालिका सगळ्या काळांत चालावी असा हेतू होता, म्हणून मोबाइल वगैरे मात्र कुठे घातला नाही. २०१६ मध्ये त्यांनीच सांगितलं की हे बदल वाचकांना रुचले नाहीत आणि मूळ मजकूर परत आणतो आहोत. त्यामुळे आज दुकानात आणि ऑनलाइन दोन्ही प्रकार सरमिसळ मिळतात, आणि वेष्टणावरून फरक कळेलच असं नाही.

सुधारलेल्या प्रतीची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. माझ्या भाचीने ती कोणाच्या मदतीशिवाय वाचली. जुन्या प्रतीत ती पानागणिक अडत होती, इथे सरळ पुढे गेली. ज्यांच्या घरात इंग्रजी वाचून दाखवणारं कोणी नाही, आणि खान्देशात अशी घरं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हा मोठाच फायदा आहे. पहिलं जाडसर इंग्रजी पुस्तक पूर्ण केल्याचा आनंद मी कमी लेखणार नाही.

तरी माझं मन जुन्याकडे झुकलं, आणि त्याला एकच गोष्ट कारणीभूत झाली.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे ज्युलियन आणि जॉर्ज किरिन बेटावरच्या किल्ल्याच्या तळघरात अडकतात. बदमाश जॉर्जकडून बळजबरीने चिठ्ठी लिहून घेतात, की डिक आणि अ‍ॅन यांनीही खाली यावं. चिठ्ठी घेऊन टिमी कुत्रा वर येतो. जॉर्जने खाली सही केलेली असते ‘जॉर्जिना’. एरवी या नावाने हाक मारली तर ओ न देणारी मुलगी स्वतःच ते नाव लिहिते, यावरून डिकला कळतं की काहीतरी गडबड आहे. इतक्या कमी सामानात इतका ताण उभा करणारे प्रसंग बालसाहित्यात थोडे असतील.

सुधारलेल्या प्रतीत हे वाचताना भाचीने मान वर केली. ‘‘मामा, चिठ्ठी कशाला? यांच्यापैकी कोणाकडेच फोन नाही?’’

प्रश्न तिच्या बाजूने रास्त होता. पुस्तकातली मुलं तिच्या वर्गातल्या मुलांसारखी बोलत होती, आईला तशीच हाक मारत होती. मग त्यांच्या खिशात फोन का नाही? चौघं मुलं मोठ्या माणसाशिवाय होडी वल्हवत बेटावर मुक्कामाला जातात आणि घरचे हसतमुखाने डबा भरून देतात, हेही तिला पटेना. त्या दिवशी तिने पुस्तक मिटलं ते कंटाळून नव्हे, विश्वास उडाल्यामुळे.

जुनी प्रत वाचून दाखवली तेव्हा हा प्रश्न आलाच नाही. पहिल्याच पानावरच्या बोलण्याच्या ढबीवरून तिने ताडलं की हे फार पूर्वीचं आहे, आजोबांच्याही लहानपणचं. एकदा तो काळ मनात बसला की चिठ्ठी, होडी, कंदील, डब्यातले मासे सगळं आपोआप जागेवर बसतं. जुन्या मराठी गोष्टीत दोन आण्यांचे शेंगदाणे येतात तेव्हा आपली पोरं काय अडून बसतात? आजोबांना विचारतात आणि पुढे जातात. तिचे अडायचे शब्द मी सांगत गेलो. ते काम तासाभराचं होतं. उडालेला विश्वास परत आणायला मात्र माझ्याकडे उपाय नव्हता. एका मुलीच्या वाचनावरून सगळ्यांचं अनुमान काढू नये हे मला मान्य आहे, पण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता एक मुद्दा असा आहे जिथे जुन्या प्रतीची बाजू घेताना मला जपून बोलावं लागतं. ब्लायटनच्या पुस्तकांत भटक्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते टोचतं. आपल्याकडे तर जास्तच टोचायला हवं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्यांच्या पालाकडे बघण्याची नजर अजून किती गावांत बदलली आहे? अशा मुलखातल्या मुलाच्या हातात भटके म्हणजे चोर असं सांगणारं पुस्तक द्यावं का? सुधारलेल्या प्रतीने इथे अपमानकारक शब्द काढले आणि ते बरं केलं. पण या मालिकेतल्या ‘मिस्टरी मूर’ या पुस्तकात विमानातून टाकलेल्या खोट्या नोटांची पुडकी माळरानावरून गोळा करतो तो जिप्सींचा तांडाच. गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. शिवी निघाली तरी संशय तिथेच राहतो, उलट सभ्य भाषेत आल्यामुळे मुलाच्या नजरेतून सुटतो. जुन्या प्रतीत तो ढळढळीत दिसतो, म्हणून त्यावर बोलता येतं. भाचीशी मी बोललो, आणि ती गप्प बसून ऐकणारी मुलगी नाही. पण जिथे असं बोलणारं कोणी नसेल तिथे हे पुस्तक कोणत्याच रूपात आधी देऊ नये असं मला वाटतं.

मी जुन्याचा भक्त आहे असं यावरून वाटेल, तर तसं नाही. हार्डी बॉईज या अमेरिकन रहस्यकथांच्या मालिकेचं उदाहरण बघा. ती मालिका १९२७ पासूनची. १९५९ ते १९७३ दरम्यान पहिली अडतीस पुस्तकं नव्याने लिहिली गेली, पंचवीस प्रकरणांची वीस झाली, वंशद्वेषाचे साचे काढले गेले. ‘फ्लिकरिंग टॉर्च’ या पुस्तकात तर मूळ गोष्टीत टोळीचा इशारा असलेली लुकलुकती मशाल नव्या गोष्टीत त्या नावाचा रॉक क्लब झाली. म्हणजे नाव राहिलं, गोष्ट गेली. आणि आमच्या पिढीने स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ज्या प्रती काढून जीव टाकून वाचल्या त्या बहुतेक याच, बदललेल्या. त्या आम्हाला कधी खोट्या वाटल्या नाहीत, कारण तिथे बोलणं, गाड्या, जग सगळं एकत्र पुढे सरकलं होतं. फास्टर फेणेचंही तसंच. २०१७ च्या सिनेमात तो मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यामागे लागतो. भा. रा. भागवतांच्या पुस्तकातल्या एका ओळीला त्यासाठी हात लावावा लागला नाही. पूर्ण नवं करा, मला आनंद आहे. बोलणं आजचं आणि बेट १९४२ चं, ही अर्धीमुर्धी डागडुजी मला सोसत नाही.

तेव्हा घ्यायचं कसं, तर असं. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल, इंग्रजी नुकतं रुळत असेल आणि एकट्याने वाचणार असेल, तर सुधारलेली प्रत खुशाल घ्या. पण घरात कोणी मामा, मावशी, आजोबा सोबत बसून वाचायला तयार असतील तर मूळ मजकूरच घ्या. ओळखायची खूण सोपी आहे: पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ज्युलियन आईला सुट्टीबद्दल विचारतो. तिथे ‘मदर’ असेल तर मूळ मजकूर, ‘मम’ असेल तर सुधारलेला. ऑनलाइन मागवताना आतल्या पानाचा नमुना दाखवतात तो उघडून बघा, किंवा विकणाऱ्याला त्या पानाचा फोटो पाठवायला सांगा. जुन्या बाजारात मिळालीच तर बांधणी तपासा. आपल्या उन्हाळ्यात जुना डिंक वाळून पानं सुटतात, आणि नेमकी चिठ्ठीचीच पानं गळालेली निघाली तर सगळी मजा जाते.