सहा सुती फुल हॉलो वस्तरा: अकरा महिने वापरल्यावर

अकरा महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेने ६/८ रुंदीचा फुल हॉलो, म्हणजे बाजू खोल घासून पातळ केलेला, वस्तरा घेतला. आज रोजच्या दाढीला हातात येतो तो मात्र ५/८ हाफ हॉलो. मधल्या काळात एक जुना ७/८, जवळजवळ वेजच (सपाट बाजूंची पाचर) म्हणावा असा, तोही चार महिने वापरून पाहिला. पहिला वस्तरा घ्यायच्या आधी मी रुंदीवर आठवडाभर डोकं खाजवलं आणि ग्राइंडवर, म्हणजे बाजूंच्या घासणीवर, पाच मिनिटं. हिशेब नेमका उलटा करायला हवा होता.

हे आकडे म्हणजे इंचाचे आठवे भाग. सुतार-गवंडी ज्याला सूत म्हणतात तेच. आठ सुतांचा इंच. पाच सुती पातं साधारण १६ मिमी, सहा सुती १९, सात सुती २२. मोजायचं पाठीपासून धारेपर्यंत. जुना वस्तरा घेत असाल तर कॅलिपर लावूनच घ्या, कारण वर्षानुवर्षं निसण्यावर घासून पाच सुतीचा साडेचार सुती झालेला असतो आणि सांगणारा पाचच सांगतो.

रुंदीबरोबर पाठीची जाडीही वाढते हे मला आधी ठाऊक नव्हतं. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवूनच घासतात. त्यामुळे धारेचा कोन हाताने धरावा लागत नाही, तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातूनच ठरतो. १६-१७ अंशांच्या आसपास कोन हवा तर १६ मिमी रुंद पात्याला पाठ साडेचार मिमीची पुरते, २२ मिमीच्या पात्याला सव्वासहा लागते. म्हणून रुंद वस्तरा नुसता रुंद नसतो, जडही असतो.

आता ग्राइंड. पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर किती खोल घासून काढल्या आहेत, तो ग्राइंड. दोन्ही बाजू सपाट ठेवून पाचरीसारखा केलेला तो वेज, मग क्वार्टर, हाफ आणि शेवटी फुल हॉलो, ज्यात धारेकडचा भाग कागदासारखा पातळ होतो. माझा फुल हॉलो आला त्या दिवशी धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पातं किंचित कलतं केलं. धारेमागचं पोलाद नखावर बारीकशा फुगवट्यासारखं वाकलं आणि लाटेसारखं पुढे सरकत गेलं. पोलाद असं वाकताना पहिल्यांदाच पाहिलं. दाढी राहिली बाजूला, पाच मिनिटं तोच खेळ.

दाढी करताना हा वस्तरा बोलतो. गालावर खुंट कापला जाताना चर्रर्र असा आवाज येतो, आणि कोन चुकला की तो आवाज लगेच बदलतो. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही. पाठ कातडीपासून तिच्याच दोनेक जाड्यांइतकी वर ठेवायची हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण अंगात मुरलं ते आवाजामुळे.

अडचण हनुवटीवर यायची. माझे तिथले केस राठ, आणि दोन दिवसांचा खुंट असला तर पातळ धार त्यांच्यावर अडकायची, किंचित वाकायची आणि मग उडी मारून पुढे जायची. त्या उडीत कातडी सोलली जाते. धार कमी पडतेय असं वाटून मी धार साफ करायच्या चामडी पट्ट्यावरच्या फेऱ्या चाळिसाच्या साठ केल्या. काही फरक नाही. उलट घाईघाईत पातं पाठीवरून उलटवायच्या ऐवजी धारेवरून उलटवलं आणि पट्ट्यालाच तिरपी चीर पाडली. ती चीर अजून आहे, रोज दिसते.

तिसऱ्या महिन्यात फेस धुताना पात्याचं टोक नळाला लागलं. टिक् एवढाच आवाज. उजेडात धरून पाहिलं तर टोकाजवळ नखाच्या कोरीएवढी कपची उडालेली. हाफ हॉलोची कदाचित नुसती धार दुमडली असती. १००० च्या खरखरीत दगडापासून सुरू करून १२००० च्या अगदी बारीक दगडापर्यंत यायला दोन संध्याकाळ गेल्या आणि सहा सुती पातं पाव मिमीने का होईना, अरुंद झालं.

तेव्हा वैतागून दुसऱ्या टोकाला गेलो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जुन्या घडणीचा तो सात सुती. पूर्वी असेच जाड वस्तरे असत. पोकळ घासायचं तंत्र १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी रूढ केलं. हा वस्तरा हनुवटीवरून असा जायचा की जणू खुंट नव्हतेच. तीन दिवसांची दाढी असली तरी तक्रार नाही, रुंद असल्याने फेसही भरपूर सामावून घेतो, सारखा पुसावा लागत नाही. पण मुका. कोन चुकला तर आवाजातून काही कळत नाही, आफ्टरशेव्ह लावल्यावर कळतं. धार लावायला बसलं की पात्याची जवळजवळ सबंध बाजू दगडाला चिकटते, घासून घासून हात भरून येतो. आणि नाकाखाली? २२ मिमीचं पातं तिथे मावतच नाही. पाठ नाकाला टेकते, धार ओठावर कुठे आहे ते आरशात दिसत नाही. मी चक्क नाक वर ओढून, तोंड वाकडं करून दाढी करत होतो.

मग पाच सुती हाफ हॉलो. पहिल्या दिवशी खेळण्यासारखा वाटला. पण नाकाखाली, जबड्याच्या वळणावर, गळ्याच्या खळग्यात हा सहज शिरतो, आणि धार कातडीला कुठे टेकलीय ते दिसतं. पाठीमागे पुरेसं पोलाद असल्यामुळे हनुवटीवर उडी मारत नाही, आणि इतका जाडही नाही की काहीच ऐकू येऊ नये. फेसाने लवकर भरतो हे खरं. गालाच्या दोन ओढींनंतर पुसावा लागतो. डाव्या हाताने उजवा... नव्हे, डावा गाल करायला शिकलो तो याच्यावर, कारण हलका आहे.

टोकाबद्दल एकच सांगतो. चौकोनी टोक देखणं दिसतं, आणि कानाच्या पाळीला त्याची भेट एकदा तरी होतेच. पहिला वस्तरा गोल टोकाचा घ्या.

केस मऊ असतील आणि दाढी रोजच्या रोज होत असेल तर मी सांगितलेलं निम्मं तुम्हाला लागू नाही. तुम्हाला फुल हॉलोच आवडेल, पाच सुती असो की सहा. राठ केस, दोन-तीन दिवसांच्या अंतराने दाढी, असं असेल तर हाफ किंवा क्वार्टर पाहा. रुंदी त्यानंतर ठरवा.

सहा सुती मी कुणाला दिलेला नाही. सलग दोन दिवस दाढी झाली की दुसऱ्या दिवशी तोच काढतो, त्या आवाजासाठी. फक्त आधी नळाला ओलं फडकं गुंडाळतो.