एनआयएनची आहार मार्गदर्शिका ओपीडीत कितपत कामाची?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) मे २०२४ मध्ये भारतीयांसाठीच्या आहारविषयक सूचनांची सुधारित आवृत्ती काढली. एकूण १७ सूचना, पीडीएफ मोफत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला घेऊन पेशंट समोर बसतो तेव्हा डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि आशाताईंच्या हाताशी हीच पुस्तिका हवी.

सगळ्यात मोलाचा आहे तो दिवसभराच्या ताटाचा तक्ता. २००० किलोकॅलरींसाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५, भाज्या ४००, फळे १००, दूध-दही ३०० मिली, सुकामेवा व तेलबिया ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही वजने कच्च्या जिनसांची आहेत, आणि चूक नेमकी इथेच होते. ८५ ग्रॅम म्हणजे शिजलेलं वरण असं पेशंटने धरलं, तर डाळीतली प्रथिने जेमतेम एक तृतीयांश मिळतात. भाज्यांच्या ४०० ग्रॅममध्ये बटाटा धरायचा नाही, हेही सांगावंच लागतं.

ग्रॅम कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून महिन्याच्या किराण्यात हिशेब करून द्या. २७ ग्रॅमने चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल-तूप पुरायला हवं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर बोलायला विषय मिळाला. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी चौघांना ५० दिवस. लोणचं-पापडातलं मीठ त्यातच आलं, त्यामुळे पिशवी खरं तर आणखी टिकली पाहिजे.

गैरसमज खोडायची, ओपीडीत थेट सांगता येतील अशी उत्तरंही लागतात. ती आपणच रचायची. आधी खरं सांगा: ‘गुळातही बहुतांश साखरच असते, रक्तातली साखर त्यानेही वाढते.’ मग ‘मधुमेहात गूळ चालतो’ हा समज एकदाच उल्लेखा, कारण द्या आणि पर्याय सांगून थांबा: ‘चहातला गूळही साखरेइतकाच मोजून कमी करा.’ अफवेपासून सुरुवात केली तर तीच डोक्यात राहू शकते.

हा तक्ता निरोगी माणसांसाठी आहे. मूत्रपिंडाच्या पेशंटला तो जसाच्या तसा देऊ नका: प्रथिने आणि पोटॅशियम त्याच्या रिपोर्टनुसार ठरतात. ‘लो सोडियम’ मिठात बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड असतं, तेव्हा घरात कोणतं मीठ वापरतात तेही विचारा.