तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ: सात महिने वापरून

बाबांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर भाषांतराची तीन कामं एकदम उघडी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी सांगितली, मी टाइप करता करता "हो हो, येते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर तारीख काही केल्या आठवेना. पुन्हा फोन करून विचारावी लागली. बाबा काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं. कामाच्या मधे जरा थांबता यावं म्हणून त्याच आठवड्यात हे घड्याळ मागवलं.

आधी एक अ‍ॅप वापरलं होतं. दर तासाला घंटा वाजायची, आवाजही छान होता. पण ती बंद करायला फोन हातात घेतला की चार मेसेज दिसायचे आणि थांबणं तिथंच संपायचं. या घड्याळात काचेचे दोन फुगे, मधे बारीक मान आणि दोन्ही टोकांना लाकडी चकत्या, एवढंच आहे. वेळ संपली तरी ते वाजत नाही, बघत बसलं तरच कळतं. मला हेच सगळ्यात आवडलं.

वरच्या फुग्यात वाळू कितीही असो, ती पडण्याचा वेग जवळजवळ तोच राहतो. पाण्यासारखं आधी जोरात आणि शेवटी थेंब थेंब असं होत नाही. मधोमध खळगा पडतो, कडेचे दाणे घसरत आत येतात. खाली ढीग टोकदार होत जातो आणि अचानक एका बाजूनं ढासळतो. त्या ढासळण्याची मी आता वाट बघते. तोवर खांदे आपोआप खाली आलेले असतात.

घड्याळ उलटण्याआधी चिठ्ठीवर एक ओळ लिहिते: कुठे थांबले, परत आल्यावर आधी काय करायचं. ही युक्ती माझी नाही. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं. अशी नोंद करून ठेवली तर ते अडकणं कमी होतं, हेही तिच्याच पुढच्या संशोधनातलं. ओळ न लिहिता घड्याळ उलटलं, तर तीन मिनिटं मी मनात तेच वाक्य घोळवत बसते.

मागच्या महिन्यात बाबांनी विचारलं, "आज निवांत आहेस का गं?" निवांत नव्हते, दोन कामं संध्याकाळी द्यायची होती. पण दुसऱ्या डोळ्याची तारीख मी ते बोलत असतानाच लिहून घेतली.

आता दोष. स्टॉपवॉच लावून पाहिलं तर एका बाजूनं २ मिनिटं ५१ सेकंद, उलटं केलं की ३ मिनिटं ९. नेमका वेळ मोजायला हे उपयोगाचं नाही. दोनदा वाळू मानेत अडकली, टिचकी मारल्यावर सुटली. चौथ्या महिन्यात खालची चकती निघाली, ती मीच चिकटवली.

याच संचात एक मिनिटाचं आणि पाच मिनिटांचंही होतं. एक मिनिटाचं श्वास जागेवर यायच्या आतच संपतं. पाच मिनिटांचं लावलं की दुसऱ्याच मिनिटाला मी उठून काहीतरी आवरायला लागते. त्यामुळे संच नको, एकटं तीन मिनिटांचं मिळालं तर तेच घ्या. आणि ठेवताना फोनच्या शेजारी ठेवू नका.