ओमालिझुमॅब की डुपिलुमॅब? धरमपेठच्या भाच्यासाठी

भाच्याला दमा आणि वर अंगभर एक्झिमा, डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं सांगितली तर ताई म्हणे, बाप्पा, कोणतं घेऊ?

आधी काम बघ. ओमालिझुमॅब रक्तातल्या मोकळ्या आयजीईला (ॲलर्जी भडकवणारी अँटीबॉडी) पकडतं, मग तो मास्ट सेलवरच्या (ॲलर्जीची रसायनं सोडणारी पेशी) रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या जागेला, चिकटतच नाही. डुपिलुमॅब थेट पेशीवरचा आयएल-४ रिसेप्टर अल्फा अडवतं (आयएल-४ म्हणजे सूज वाढवणारा निरोप्या), आणि गंमत म्हणजे त्याच्या भावाला, आयएल-१३ लाही तोच लागतो, म्हणून एका दगडात दोन पक्षी.

डोस? पहिल्याचा दम्यात वजन आणि आयजीई पाहून, २ किंवा ४ आठवड्यांनी. दुसरं बहुतेक मोठ्यांना २ आठवड्यांनी, आयजीईचा हिशोब नाही. खर्च दोन्हीकडे खिसा रिकामा करणारा, महिने-महिने चालतं. आणि दोन्ही २ ते ८ डिग्रीत ठेवायची, नागपूरच्या मे महिन्यात घरी नेताना आइस पॅक लागतोच भाऊ!

त्रास: पहिल्यात क्वचित ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी), म्हणून सुरुवातीचे डोस दवाखान्यातच. दुसऱ्यात काहींचे डोळे लाल होतात.

अंगावर गांधी उठत असतील, अँटीहिस्टामिननं भागत नसेल किंवा धुळीचा ॲलर्जिक दमा असेल तर ओमालिझुमॅब. एक्झिमा जोरात, नाकात पॉलिप (मांसाची गाठ), रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, तर डुपिलुमॅब. भाच्यासाठी मी दुसरंच म्हटलं, पण शेवटी डॉक्टरांना विचारूनच, आणि इनहेलर मधेच बंद करू नको ताई.