4340 सांगून ईएन 8 गळ्यात मारलं : मागच्या एक्सल शाफ्टच्या जोडीत 55,430 रुपये गेले

जीपला मागे लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) बसवला आणि 33 इंची टायर टाकले की हाफ शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ताकद नेणारे दांडे, बदलावेच लागतात, हे ऑफ-रोडिंगच्या नादातल्या कुणाला सांगायला नको. साधं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) असतं तेव्हा एक चाक हवेत गेलं की ते नुसतं गरगरतं आणि शाफ्ट वाचतो. लॉकर असला की दगडात रुतलेल्या त्या एकाच चाकाच्या शाफ्टवर सगळा जोर येतो. इंजिनचा टॉर्क (पीळ) 200 न्यूटन-मीटर, आणि तो वाढवणारी गुणोत्तरं पहिला गिअर 4, लो रेंज (चढासाठीचा जादा गिअर) 2.5 आणि डिफरन्शियल 4.5 धरलं तर गुणाकार 9,000 न्यूटन-मीटर होतो. ही गरज विकणाऱ्याला पक्की माहीत होती आणि त्याच गरजेवर त्याने मला लुटलं. 4340 हे निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम घातलेलं मजबूत पोलाद, ईएन 8 हे साधं कार्बन पोलाद. पैसे पहिल्याचे घेतले, माल दुसऱ्याचा दिला.

प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचं आहे म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण तो आजही शाफ्ट विकतोय.

आधी हिशोब. जोडीचे 38,500 रुपये. त्यातले 20,000 ऑर्डर देताना यूपीआयने, 18,500 माल पाठवण्याआधी. कुरिअर 1,350. नवीन बेअरिंग आणि सील 4,280. मजुरी 3,500. शाफ्ट तुटल्यावर गाडी उचलून आणायचे 6,000. प्रयोगशाळेच्या तपासणीचे 1,800. एकूण 55,430. घरी हा पूर्ण आकडा मी अजून सांगितलेला नाही. सांगायची लाज वाटते, आणि लाज वाटते याचाच राग येतो, कारण गुन्हा मी केलेला नाही.

आगाऊ रक्कम, ‘शेवटची जोडी उरलीय’ ही घाई, बिल नंतर पाठवतो हे आश्वासन, या चाली तुम्हालाही पाठ असतील, मलाही होत्या. पण हा माणूस दुकानदारासारखा बोलत नव्हता, कारागिरासारखा बोलत होता. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे दाते) किती, फ्लॅंजपासून (चाक बसतं ती चकती) टोकापर्यंत लांबी किती, बेअरिंगची जागा किती मिलिमीटर, हे त्याने आपणहून विचारलं. सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो, म्हणून तिथे स्वस्तात काही घेऊ नका, असं त्यानेच मला बजावलं. कडकपणा मोजायच्या यंत्राखाली शाफ्ट धरल्याचा व्हिडिओ पाठवला. असं बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? वीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माझ्या मिस्त्रीनेही तो व्हिडिओ पाहून मान डोलावली होती.

आता तो क्षण, जो आठवला की आजही झोप उडते.

18,500 पाठवायच्या आधी त्याने टेस्ट सर्टिफिकेट पाठवलं. त्यावर 4340 चं रासायनिक पृथक्करण अगदी बरोबर होतं : निकेल 1.78, क्रोमियम 0.81, मॉलिब्डेनम 0.24 टक्के. वर कोपऱ्यात हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक, होता. मालाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘राउंड बार, 63 मिमी’. खरेदीदाराच्या नावावर पांढरी पट्टी ओढलेली होती. मी हे सगळं वाचलं. नुसतं वाचलं नाही, विचारलंही, की हा हीट नंबर माझ्या शाफ्टवर कुठे ठोकलाय? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून आहे : ‘भाऊ, फोर्जिंग आणि मशिनिंगमध्ये बारवरचा नंबर निघून जातो.’

हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते चाललं. बारवरचा नंबर मशिनिंगमध्ये जातोच. पण प्रामाणिक कारखाना तो नंबर, निदान बॅच नंबर तरी, तयार मालावर पुन्हा ठोकतो, बहुधा फ्लॅंजवर किंवा शाफ्टच्या टोकाला. तो ठोका नसेल तर हातातला कागद कुठल्यातरी बारचा असतो, तुमच्या शाफ्टचा नसतो. ते सर्टिफिकेट खरं होतं असं मला आजही वाटतं. ते फक्त दुसऱ्याच पोलादाचं होतं. तेवढ्या एका ठोक्यासाठी मी अडून बसलो असतो तर 18,500 वाचले असते आणि पुढचे सगळे खर्चही टळले असते. मी प्रश्न विचारला होता, तो बरोबर होता, आणि समोरचा त्याचं उत्तर तयार ठेवूनच बसला होता.

खोकं उघडलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. व्हिडिओतला शाफ्ट मध्यभागी थोडा बारीक होता, माझे दोन्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखेच जाड. वर काळा रंग इतका जाड थापलेला की टूलच्या खुणाही दिसेनात. फोन केला तर म्हणाला, ‘तुमच्यासाठी जास्त माल ठेवलाय.’ ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मधला भाग स्प्लाइनच्या मुळाच्या व्यासाइतका उतरवतात तो पीळ पूर्ण लांबीवर वाटला जावा म्हणून. मध्ये जाड ठेवला की सगळा पीळ स्प्लाइन संपते तिथे येऊन थांबतो.

तुटला तोही तिथेच. खडकाची पायरी चढताना, लो रेंज, पहिला गिअर, वेग माणसाच्या चालीइतका. मोठा धक्का नाही, चाक आपटलं नाही. शाफ्ट बाहेर काढला तर स्प्लाइनच्या सरळ रेषा तिरक्या पिळलेल्या होत्या आणि तुटलेला भाग सुरीने कापावा तसा सपाट, मधोमध भोवऱ्यासारखी खूण. म्हणजे पोलाद मऊ होतं, आधी पिळलं आणि मग तुटलं. दुसऱ्या बाजूचा शाफ्ट न तुटताही पिळलेला निघाला. आतल्या टोकाला तुटला म्हणून चाक जागेवर राहिलं. सेमी-फ्लोटिंगमध्ये हाच शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर, फ्लॅंजजवळ तुटला असता तर चाक निखळून गेलं असतं, आणि उताराच्या बाजूला माझा मुलगा उभा राहून मला दिशा दाखवत होता.

प्रयोगशाळेचा अहवाल : कार्बन 0.42 टक्के, निकेल 0.03, क्रोमियम 0.08, मॉलिब्डेनम नाममात्र. कडकपणा 197 बीएचएन (ब्रिनेल मापाने). हे ईएन 8 आहे, तेही हीट ट्रीटमेंट न केलेलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक न केलेलं. 4340 नीट हीट ट्रीट केलं तर 300 च्या वर सहज जातं आणि त्याच जाडीत दुपटीहून जास्त पीळ सोसतं. ईएन 8 वाईट पोलाद नाही, हजारो कामांना ते योग्य आहे. पण 4340 चे पैसे घेऊन ते देणं ही चोरी आहे.

आणि आता ज्यांनी ही चोरी नोंदवायची त्यांच्याबद्दल. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न, ‘वस्तू मिळाली ना?’ मिळाली म्हटल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘मग हा दिवाणी मामला आहे.’ मी त्याचं सर्टिफिकेट आणि प्रयोगशाळेचा अहवाल पुढे ठेवले, व्हॉट्सअॅपवरचं त्याचं ‘शंभर टक्के 4340’ हे वाक्य दाखवलं. फसवून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं? उत्तर काय, तर ‘गाडीत बदल केलेत ना तुम्ही? ते आधी आरटीओला विचारू का?’ तक्रारदारालाच दमात घ्यायचं म्हणजे तो उठून जातो. अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का मारायला माणूस जागेवर नव्हता. सायबर कक्षात गेलो तर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी चोरला गेलेला नाही, म्हणून हे आमचं नाही. बँकेच्या शाखेत, व्यवहार तुमच्या पिनने झालाय. ठाण्यात वर हेही, की विक्रेता परराज्यातला, म्हणून हद्दही आमची नाही. गुन्हा कुठेही घडला असला तरी झीरो एफआयआर नोंदवता येतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. ठाण्याच्या भिंतीवर नागरिकांच्या हक्कांचा फलक टांगलेला आहे आणि त्याच्याच खाली बसलेल्या माणसाला हे वाचून दाखवावं लागतं! खोटं सोनं विकणाऱ्याला ‘वस्तू मिळाली ना’ म्हणून सोडाल का? मग खोटं पोलाद विकणाऱ्याला का सोडता, ज्यावर गाडीतल्या माणसांचा जीव टांगलेला असतो? अजूनही लेखी नकार कुणी दिलेला नाही, कारण लेखी दिलं की जबाबदारी येते.

ठाण्यात दाद लागली नाही तर तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत 2 वर्षं. अर्ज ऑनलाइनही होतो.

पक्कं बिल आल्याशिवाय उरलेली रक्कम पाठवू नका. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. मी तो नंतर तपासला, नोंदणी रद्द झालेली निघाली. शाफ्ट बसवण्याआधी फ्लॅंजच्या कडेचा रंग खरवडून स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणारी तपासणी) करून घ्या. हातात धरायच्या एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र) निकेल आणि क्रोमियम काही सेकंदांत कळतं, कार्बन कळत नाही, पण ईएन 8 पकडायला निकेल पुरेसं आहे. माझ्या तपासणीचे 1,800 शाफ्ट तुटल्यावर गेले, आधी गेले असते तर माल खोक्यातूनच परत पाठवला असता. ठिणगी बघून पोलाद ओळखतो म्हणणाऱ्या टर्नरवर विसंबू नका. बसवताना शाफ्टच्या लांबीवर ऑइल पेंटने एक सरळ रेष ओढा. पुढच्या वेळी काढाल तेव्हा ती तिरकी दिसली तर तो शाफ्ट संपला, परत बसवायचा नाही.

तुटलेले तुकडे फेकू नका, गॅरेजवाल्याला भंगारात देऊ नका, वेल्डिंग करून बघू नका. आयोग दोष तपासायला वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि तेव्हा तुकडे तुमच्याकडे असावे लागतात. माझे खोक्यासकट, कुरिअरच्या चिठ्ठीसकट ठेवलेत. निकेल 1.78 आणि 63 मिमीचा बार लिहिलेलं, खरेदीदाराचं नाव झाकलेलं सर्टिफिकेट तुमच्याकडेही आलं असेल तर पुढच्या ट्रेलला जाण्याआधी चाक उतरवून फ्लॅंजवर हीट नंबर आहे का ते बघा.