माईक की मिस्टिरियस स्ट्रेंजर?

जळगावात भरीत पार्टी रंगली की आमच्या गेमर मंडळींत हा वाद निघतोच: माईक नि मिस्टिरियस स्ट्रेंजर या व्हिडिओ गेममधल्या दोन पात्रांपैकी कोणाचं गूढ सरस?

'फॉलआउट' या गेम मालिकेतला स्ट्रेंजर ऐन लढाईत उगवतो, शत्रूला टिपतो नि नाहीसा होतो. झकासच. पण त्याच मालिकेतल्या 'न्यू व्हेगास'मध्ये (२०१०) एका गिटारवाल्याचा तो बाप असावा असं सुचवलं, तिथे थोडी जादू उतरली.

माझं मत माईकला. हा बोलघेवडा खाजित (म्हणजे मांजरासारख्या दिसणाऱ्या जमातीतला) 'एल्डर स्क्रोल्स' या गेम मालिकेतल्या 'मॉरोविंड'मध्ये (२००२) भेटतो, 'ऑब्लिव्हियन'मध्येही. मग कथेत सुमारे दोनशे वर्षं उलटतात, तरी 'स्कायरिम'मध्ये (२०११) हजर! विचारावं तर म्हणतो, बापाचं नाव माईक, आजोबांचंही माईक. आता बिरुदच 'लबाड' असलेल्याचं हे ऐकायचं कसं? खुलासा मिळूनही कोडं तसंच राहतं. लेखकांची ही करामत मला फार आवडते, भो!