बोअर केलाच नाही, बिल मात्र बोअरचं

जुनी मोटरसायकल ओढेनाशी झाली की गॅरेजवाल्याच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, ‘इंजिन बसलंय.’ हे खोडून काढणं गिऱ्हाइकाला जमत नाही. क्लच केबल बदलली, ब्रेकशू बदलले, तर ते डोळ्यांना दिसतं. बोअर, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करणं आणि त्यात मोठा पिस्टन बसवणं, केला की नाही ते कोण बघणार? तेवढ्यावर माझ्या मामांकडून ७,४०० रुपये काढले गेले. मामांची परवानगी घेऊनच लिहितोय. गॅरेजचं नाव घालत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

गाडी २००५ची हिरो होंडा स्प्लेंडर. ९७.२ सीसी, कार्बोरेटरवाली, पंधरा वर्षं भरल्यावर पासिंग करून आरसी वाढवून घेतलेली. कोल्हापूरजवळच्या खेड्यात शेत, डेअरी आणि आठवडी बाजार एवढंच तिचं फिरणं. त्रास असा होता : सकाळी गाडी विनातक्रार सुरू व्हायची. सात-आठ किलोमीटर गेलं की पिकअप जायचा, मिसिंग सुरू व्हायचं, चढाला धापा टाकायची आणि बंद पडायची. पाच-दहा मिनिटं सावलीला लावली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. मामांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. टाकी फुल केली की त्रास लवकर व्हायचा. हे त्यांनी मिस्त्रीला सांगितलंही. त्यावर तो म्हणाला, ‘पंपावाले पाणी घालत्यात.’

खरं तर सगळं निदान मामांच्या त्या एका वाक्यात होतं. बोअर गेलेली गाडी थांबून-थांबून दुरुस्त होत नाही.

मिस्त्रीने काय केलं? किक मारली, अ‍ॅक्सिलेटर पिळला, कान वाकडा करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘काका, इंजिन बसलंय बघा. बोअर केल्याबिगार काय खरं न्हाई.’ प्लग काढून बघितला नाही, सायलेन्सरच्या धुराकडे लक्ष दिलं नाही, ऑइलची काडी काढली नाही. चार हजार अ‍ॅडव्हान्स घेतला. गाडी परत देताना वहीच्या पानावर लिहिलेलं बिल दिलं : बोअर + पिस्टन ०.५०, वाल (व्हॉल्व्ह) ग्राइंडिंग, टायमिंग चेन, पॅकिंग सेट, कार्ब सर्व्हिस, ऑइल, मजुरी. जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही, सही म्हणजे एक वेलांटी. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत रेघा पडलेला एक पिस्टन. ‘ह्यो तुमचा जुना. आता तुम्हीच सांगा, ह्येच्यावर गाडी ओढंल व्हय?’

मामा खूश. पुरावा हातात होता ना.

गाडी पुन्हा तशीच बंद पडायला लागली तेव्हा मिस्त्रीने जे उत्तर दिलं, त्याला मी मनापासून दाद देतो. ‘काका, इंजिन रनिंगमधी हाय. ५०० किलोमीटर हळू चालवा, मग बोला.’ बोअर केल्यावर नवा पिस्टन आणि रिंगा बसेपर्यंत गाडी जपून चालवावी लागते, हे खरंच आहे. म्हणूनच हे उत्तर पटतं. मामांचे ५०० किलोमीटर व्हायला दोन महिने तरी लागणार, तोवर पैसे पूर्ण दिलेले आणि विषय थंड.

मी सुट्टीला गेलो तेव्हा मामांनी पिस्टन कौतुकाने दाखवला. माझ्या हातात तो जरा मोठाच वाटला. मी वर्कशॉपमध्ये काम करतो, पिशवीत व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, असतोच. लावला तर माप ५७ मिलिमीटरच्या आसपास. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर. ०.५०चा ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, केला तरी ५०.५०. म्हणजे हा पिस्टन मामांच्या गाडीत कधी बसलाच नव्हता आणि बसलाही नसता, तो दीडशे सीसीच्या कुठल्यातरी गाडीचा होता. आधीच्या किती जणांना ‘ह्यो तुमचा जुना’ म्हणून दाखवला असेल देव जाणे. मागाहून तर मिस्त्रीचा पोरगा ‘तेवढा पिस्टन द्या’ म्हणत घरी आला होता. मामांनी दिला नाही.

मग अंगणात गाडी लावून शांतपणे बघायला बसलो. हे सगळं कुणालाही घरी करता येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी बाहेरून. बोअर करायचा म्हणजे हेड (इंजिनचं वरचं झाकण) आणि त्याखालचा ब्लॉक (ज्यात पिस्टन खालीवर होतो तो सिलिंडर) उतरवावा लागतो. ब्लॉक उतरला की खालचं पॅकिंग नवं बसतं, त्याची कडा जोडावर स्वच्छ दिसते. इथे ब्लॉक आणि क्रँककेसच्या सांध्यावर ऑइल आणि मातीचं जुनं लुकण जसंच्या तसं. ब्लॉकच्या बाहेरच्या पात्यांच्या, म्हणजे फिनांच्या, खोबणीत वाळलेला चिखल, त्यात उसाच्या पाचटाचा तुकडासुद्धा. हेडच्या नटांवर पान्याचा एक ताजा ओरखडा नाही. नवा ब्लॉक किट टाकला असता तर अख्खा ब्लॉकच वेगळ्या रंगाचा चमकला असता. तोही प्रकार नाही.

मग आतून. हल्ली मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा मिळतो, नळाचं चोकअप बघायला वापरतात तो. साडेपाच मिलिमीटर जाडीचा घ्यायचा, कारण स्प्लेंडरच्या प्लगचं भोक १० मिलिमीटरचं असतं. प्लग काढून आत सोडला. ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर सहसा त्याचा आकडा कोरलेला असतो आणि शंभर-दीडशे किलोमीटर चाललेल्या पिस्टनवर तो वाचता येतो. आम्हाला दिसला तो काळा, जाड, भेगाळलेला कार्बनचा थर. वर्षानुवर्षं साठलेला. पिस्टन खाली नेऊन ब्लॉकची भिंत बघितली. ताज्या बोअरला होनिंगच्या (शेवटच्या बारीक घासणीच्या) तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात. इथे भिंत गुळगुळीत, घासून झिलई आलेली. त्याचा व्हिडिओ करून ठेवला.

इंजिनची तब्येत पण बघितली, कारण मिस्त्री खोटं बोलला म्हणून इंजिन चांगलंच असेल असं नाही. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि मामांना किक मारायला सांगितलं. अंगठा फटकन उडाला, म्हणजे काँप्रेशन आहे. ते ढिलं वाटलं असतं तर भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघायचं. ऑइल घातल्यावर किक घट्ट झाली तर रिंगा किंवा बोअर गेलाय, फरक पडला नाही तर संशय वालवर. गाडी तापल्यावर निळा धूर आहे का? नव्हता. ऑइल कमी होतं का? मामा काडी नेमाने बघतात, नव्हतं होत. निळा धूर नाही, ऑइल खात नाही आणि किकला दम आहे, अशा गाडीचा बोअर करायला कुणी सांगत असेल तर त्याला फक्त एवढं विचारा : ब्लॉक कुठे पाठवणार? गावच्या गॅरेजात बोअरिंग मशीन नसतं. आमच्याकडे ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात जातो, तिथल्या बोअरिंगवाल्याची पावती वेगळी असते, त्यावर साइज लिहिलेली असते. आमच्या मिस्त्रीला मी नंतर हेच विचारलं तर म्हणाला, ‘हितंच केला.’ काय कानसने?

आता मूळ रोग. चालून तापल्यावर बंद पडणाऱ्या आणि थांबल्यावर सुरू होणाऱ्या गाडीत मुख्य संशयित दोन. एक तर पेट्रोल पोचत नाही, नाहीतर गरम झाल्यावर प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल किंवा सीडीआय दगा देतो. थंड गाडीवर दोन्ही ठणठणीत दिसतात, म्हणून गॅरेजात थंड गाडी तपासून काही हाती लागत नाही. जिथे बंद पडेल तिथेच, त्याच क्षणी बघायचं. प्लगपाना, पेचकस आणि रिकामी बाटली डिकीत टाकून मामांना मागे बसवलं आणि टाकी फुल करून निघालो. गाडीने निराश केलं नाही, शेजारच्या गावच्या चढाला बंद पडली.

प्लग काढला, कॅपमध्ये घालून हेडच्या धातूला टेकवला, किक मारली. निळी, टणक ठिणगी. म्हणजे करंट आहे. (प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, ठिणगी भोकापासून लांब धरा. आणि पेट्रोल काढायचं काम ठिणगीच्या तपासणीबरोबर करू नका, आधी प्लग बसवा.) मग कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटली धरली. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, भरलेलं असतं तर पेट्रोलची धार आली असती. चार थेंब आले आणि संपलं. टाकी फुल आणि कार्बोरेटर कोरडा.

ड्रेन तसाच उघडा ठेवून टाकीचं झाकण फिरवलं. ‘फुस्स’ करून हवा आत शिरली आणि खाली बाटलीत धार सुरू झाली. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

कारण सोपं आहे. स्प्लेंडरमध्ये पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली येतं. जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला लागते, त्यासाठी झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल अडकतं. थांबलं की हवा कुठूनतरी झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू होते. फुल टाकीत वर हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. मामांनी नेमकं तेच हेरलं होतं. झाकणाचं कुलूप घट्ट झालं म्हणून कधीतरी त्यात ग्रीस भरलं होतं, त्यावर धूळ बसून ती वाट लिंपली गेली. बारीक तार, थोडं पेट्रोल आणि फुंकर, एवढ्यात मोकळी झाली. टाकीखालचा पेट्रोलचा कॉकही उतरवला, जाळीत गंजाचा भुसा होता. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे जुन्या पत्र्याच्या टाकीत गंज धरतो. तो कॉकच्या जाळीत नाहीतर थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) जाऊन बसतो, तेव्हा वर्षातून एकदा जाळी धुवावी.

गाडी चढ चढायला लागली, पण एक कुरबुर राहिली. अ‍ॅव्हरेज घसरलेलं आणि प्लगवर काजळी. कार्बोरेटर पुसून बघितला तर बॉडीवर केहिन या मूळ कंपनीचं नाव नव्हतं, कसलंच नाव नव्हतं. चोकचा खटकासुद्धा वेगळ्या पद्धतीचा. ‘कार्ब सर्व्हिस’च्या नावाखाली मूळ कार्बोरेटर काढून घेऊन बाजारू बसवला होता. जुन्या स्प्लेंडरचा ओरिजिनल कार्बोरेटर सहज विकला जातो, हे या लाइनीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते बोअरच्या खोट्या बिलापेक्षा हे वाईट. बोअरमध्ये पैसे गेले, इथे चांगली चाललेली वस्तू गेली.

म्हणून गाडी गॅरेजला सोडण्याआधी कार्बोरेटर, मॅग्नेट कव्हर, सीडीआय आणि बॅटरीचे जवळून फोटो काढून ठेवा, नाव-नंबर दिसतील असे. हेडच्या आणि ब्लॉकच्या एकेका नटावर नेलपॉलिशचा ठिपका अर्धा नटावर, अर्धा धातूवर असा लावा. नट फिरला की ठिपका तुटतो. हेड खोललं म्हणणाऱ्याला तो तुटलेला दाखवता आला पाहिजे. जुने पार्ट परत घ्या आणि माप घेऊन घ्या. व्हर्नियर स्वस्तात मिळतो.

मी आणि मामा गॅरेजात गेलो. पिस्टन आणि व्हर्नियर काउंटरवर ठेवले. पहिलं उत्तर, ‘पोरानं चुकून दुसरा दिला असंल.’ व्हिडिओ दाखवला. ‘कार्बन काय, आठ दिवसांत चढतोय.’ चिखलातलं पाचट दाखवलं तेव्हा आवाज चढला : ‘तुमाला एवढं कळतंय तर गाडी हिकडं आणलीसा कशाला?’ तोवर गिऱ्हाइकं गोळा झाली. त्यातल्या एकाने आपलाही बोअर इथेच केल्याचं सांगितलं आणि व्हर्नियर मागून घेतला, मग मात्र मिस्त्रीने आम्हाला आत बोलावलं. तीन हजार तिथल्या तिथे दिले. कार्बोरेटरबद्दल ‘तुमचा असाच हुता’ यापलीकडे गेला नाही, आणि आमच्याकडे आधीचा फोटो नव्हता.

उरलेल्या पैशांसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल कच्चं असलं तरी वहीचं ते पान, त्याच्याच अक्षरातलं ‘बोअर + पिस्टन ०.५०’, ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद आणि व्हिडिओ हे सगळं जोडलं. एवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. मिस्त्रीच्या अक्षरातलं ते पान मामांनी लॅमिनेट करायला टाकलं होतं, ते मी दुकानातून तसंच परत आणलं. मूळ कागद दाखवायची वेळ आली तर तो मूळच असायला हवा.